माझं पोट आणि सुनेचं नाव

खाचरांतलं पाणी ओसरलं, लोंब्या पिवळ्या होऊन माना टाकायला लागल्या, की आमच्या वाडीला एक वास येतो. थोडा पिकत्या इंद्रायणी भाताचा, थोडा दवानं भिजलेल्या गवताचा, थोडा दगडावर विळे पाजळताना सांडलेल्या पाण्याचा. हिर्डोशीच्या वर, घाटरस्त्यापासून आत वळलं की आमची वाडी. खाली धरणाचं पाणी, वर डोंगर आणि मधल्या पायऱ्या-पायऱ्यांवर भात. यंदाही तो वास आला. परवा पहाटे ओटीवर बसलो होतो तर एकदम नाकात शिरला आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

हा वास आला की लोकांना सुगी आठवते. मला माझी भूक आठवते. काही वर्षांपूर्वीच्या एका काढणीतली, बांधावर बसून लोकांसमोर भागवलेली भूक. आणि तिच्यापायी माझ्या सुनेला जे ऐकून घ्यावं लागलं ते.

मी एसटीचा ड्रायव्हर होतो. सगळी नोकरी भोर डेपोत गेली. घाटाची वळणं, पावसाळ्यात काचेवर साचणारं धुकं, स्टँडवरचा चहा आणि वडापाव. ड्रायव्हरचं पोट कसं आणि कधी वाढतं ते त्याला कळत नाही. स्टिअरिंगला घासून माझ्या शर्टाचं एक बटण कायम लोंबत असायचं. माझी बायको ते दर आठवड्याला टाचायची आणि कौतुकानं म्हणायची, "ह्यांच्या अंगाला खाल्लेलं लागतं." आमच्याकडं सुटलेलं पोट म्हणजे घरात बरं चाललंय, बायको-सून खायला घालतात, याचा दाखला. लग्नात मांडवाच्या दाराशी स्वागताला मला उभं करायचे. उभा राहिलो की दार भरल्यासारखं वाटायचं.

रिटायर झालो आणि पुढच्याच वर्षी बायको गेली. मुलगा शिरवळला कंपनीत, आठवड्यातून एकदा येणारा. घरात मी आणि सून वैशाली. मी ओटीवर बसायचो. सकाळी बसलो की दुपारीच उठायचो, जेवायला. उठताना खांबाला धरायचो.

मग भोरच्या डॉक्टरांकडं जावं लागलं. त्यांनी गुडघे दाबून पाहिले, रक्त तपासलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "तात्या, ह्या गुडघ्यांना एवढं ओझं कशाला वाहायला लावताय? उतरवा हळूहळू. घाई करायची नाही, उपास करायचे नाहीत. भात कमी, चालणं रोज, आणि उठबस सोडायची नाही. माणूस एकदा बसला की बसतो बघा."

परतीच्या एसटीत मी वैशालीला म्हणालो, "हे गावात कुणाला सांगू नको. लोक हसतील."

"न्हाई सांगत, मामा," ती म्हणाली. माझी सून मला मामा म्हणते.

चालायचं म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सोपं वाटेल. आमच्या वाडीत माणसं जन्मभर चालतात, पण नुसतं कुणी चालत नाही. कुणी दळणाला, कुणी गुरांमागं, कुणी एसटी चुकली म्हणून. वाटेत भेटणारा प्रत्येक जण "कुठं निघालाव?" विचारतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. "कुठं नाही, फिरायला" असं म्हाताऱ्या माणसानं म्हटलं तर समोरचा थांबून त्याच्या डोळ्यांत बघेल.

पहिल्या दिवशी मी निघालो आणि वाडीच्या टोकावरून परत आलो. वैशालीनं विचारलं, "काय झालं?"

"दोघांनी विचारलं कुठं निघालाव म्हणून."

"मग सांगायचं की, पाय मोकळं कराया."

"हितं कोण पाय मोकळे करतं?"

तेव्हा ती हसली. तिचं माहेर पाली, राजगडाच्या पायथ्याचं. "आमच्याकडं ऐतवारी या. तुमच्यापेक्षा म्हातारी मानसं पुण्यावरनं येत्यात, काठी टेकत गड चढत्यात. वर जाऊन काय करत्यात? वारं खात्यात आन खाली येऊन आमच्या बाच्या हातचं पिठलं खात्यात. त्यांना कोन कुठं निघालाव म्हणून विचारत न्हाई."

"ती पाली. ही आपली वाडी."

तिनं जरा विचार केला, आत गेली आणि विळा आणि दोरी आणून माझ्या हातात दिली. "घ्या. आता कोन इचारनार?"

खरंच, विळा-दोरी हातात असलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. म्हशीला गवत आणायला निघालाय एवढं दिसतं. मी पार डोंगराच्या सोंडेपर्यंत जायचो, दम लागला की थांबायचो, आणि येताना लाज राखायला चार मुठी गवत बांधून आणायचो. पुढं पुढं भारा मोठा होत गेला. म्हैसही खूश होती.

त्या वर्षभरातल्या कितीतरी गोष्टी अजून अंगात आहेत. हिवाळ्यात पहाटे धरणावरून वर चढणारं धुकं, आणि त्यातून आधी ऐकू येणारा आणि मग दिसणारा गुरांचा कळप. चैत्रात जाळीतली करवंदं खाताना हाताला लागलेला चीक. पावसाळ्यात डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन निसरड्या बांधावरून पायाची बोटं रुतवत चालणं. लहानपणी बोटं अशी रुतवायचो हे पायांना आठवत होतं, मीच विसरलो होतो. आणि एका दुपारी ओटीवर बसून मी माझी पायाची नखं कापली. इतकी वर्षं ती मुलगा कापायचा, कारण बेंबीच्या पलीकडचा मुलूख माझ्या हाताच्या टप्प्यातच नव्हता. एक एक नख कापताना मला एवढा आनंद झाला की मी ती गोळा करून पुन्हा पाहिली. हसायचं तर हसा.

घरात वैशालीनं ताट बदललं. आमचा भाताचा मुलूख. भाताचा ढीग नाही तर जेवण झालं असं कुणी मानत नाही. तिनं नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, पालेभाजी, ताक आणि शेवटी चवीपुरता एक उलथनंभर भात असं वाढायला सुरुवात केली. पहिले काही दिवस मी त्या भाताकडं बघून घास गिळायचो. चहातली साखर तिनं मला न सांगता कमी करत नेली. मला कळलं तोवर सवय झाली होती. संध्याकाळी दार लोटून ती माझ्याकडून उठबस करून घ्यायची. आधी बाजेवरून हात न टेकता उठायचं. ते जमायला लागल्यावर स्टुलावरून. मग पाटावरून. मी कुरकुर केली की म्हणायची, "मामा, बस थांबली. आता उतरा."

शर्ट ढिले झाले. गालफडं बसली. म्हाताऱ्याचं वजन उतरतं तेव्हा तो तरुण दिसत नाही, जास्त म्हातारा दिसतो. मला आतून हलकं वाटत होतं आणि बाहेरून मी खंगलेला दिसत होतो.

हे लोकांच्या डोळ्यांत आधी आलं, माझ्या नंतर.

चुलतभावाची बायको, पारूवहिनी, एका संध्याकाळी विरजण मागायला आली. मी जेवत होतो. माझ्या ताटात तो चिमूटभर भात. वैशाली दिवसभर शेतात राबून आली होती, तिच्या ताटात हवा तेवढा ढीग. वहिनींनी दोन्ही ताटं पाहिली.

"भावजी, येवढाच भात?"

"पोट भरलंय, वहिनी," मी म्हणालो.

वैशालीनं माझ्याकडं पाहिलं. मी ताकाची वाटी तोंडाला लावली. वहिनी विरजण घेऊन गेल्या आणि जाताना वाडीला पुरेल एवढी बातमीही घेऊन गेल्या. सासू गेली आणि सुनेनं सासऱ्याचा भात तोडला. शिवाय या वयात म्हाताऱ्याला डोंगरावर गवताला धाडते. लोकांनी ते रोज डोळ्यांनी पाहिलं होतंच. विळा, दोरी आणि डोक्यावर भारा.

मग काढणी आली. आमच्याकडं काढणी सावडीनं होते. आज सगळे तुमच्या शेतात, उद्या तुम्ही दुसऱ्याच्या. ज्याचं शेत त्यानं दुपारी बांधावर जेवण आणायचं. कित्येक वर्षं मी सावडीला नुसता बांधावर बसायला जायचो. त्या वर्षी खाली वाकून कापायला लागलो. कमरेत कळ यायची, पण वाकता येत होतं. विळ्याखाली भाताचा बुडखा करकरत तुटायचा, मूठ डाव्या हातात जड व्हायची, पेंढ्या रांगेनं पडत जायच्या. पायाखाली मऊ चिखल, पाठीवर ऊन, शेजारी बायकांची थट्टा. असली दुपार मला परत मिळेल असं वाटलं नव्हतं.

आणि दुपारी भूक लागली. खरी, राबलेल्या माणसाची भूक. मी बांधावर बसलो आणि भाकरीवर भाकरी खाल्ली, वर भात घेतला, पुन्हा घेतला. वहिनी वाढत होत्या. वाढता वाढता मागच्या बायकांकडं वळून हळू म्हणाल्या, पण मला ऐकू जाईल एवढं, "बघा की. कसं तुटून पडल्यात. घरात मिळत असतं तर आसं खाल्लं असतं व्हय?"

वैशाली तिथंच होती. पेंढ्या बांधत होती. तिचा हात थांबला नाही.

तिथं मी बोलायला हवं होतं. तोंडात घास होता, हे कारण नाही. दगडू, माझ्या बरोबरीचा, संध्याकाळी माझ्याजवळ बिडी पेटवत म्हणाला, "तात्या, सून जाच करत आसंल तर सांग. पोलीस पाटलाला घेऊन बसवू चार मानसं."

"तसं काय नाही रे," मी म्हणालो, आणि मान खाली घातली. मला लाज वाटत होती ती माझ्या फिरण्याची, पाटावरच्या उठबशीची. त्यानं मात्र मान खाली गेलेली पाहिली आणि म्हाताऱ्यानं सोसलंय असं समजून खांद्यावर हात ठेवला. तो हातही मी तसाच राहू दिला.

त्याच आठवड्यात व्याही आले, वैशालीचे वडील. पालीहून दोन एसट्या बदलून. उंच, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. चहा झाला. कप पालथा ठेवावा तसं हळूच बोलले, "पाव्हणं, धाकटीचं जमत आलंया. भाटघरकडची मानसं हायती. चांगली हायती. पर त्यांनी तुमच्या गावात चौकशी केली, आन आता दोन दिस निरोप न्हाई. म्हनत्यात, थोरलीनं सासऱ्याचं हाल केल्यात, धाकटी काय येगळी निघनार." ते थांबले. "माज्या पोरीचं काय चुकत आसंल तर मला सांगा. मी तिला समजावीन. न्हायतर घेऊन जाईन."

वैशाली आतल्या दारात उभी होती. पदर दातांत धरलेला. ती बोलली नाही. मी तिच्याकडं पाहिलं आणि मला कळलं की ती बोलणारच नाही. एसटीत मी तिला कुणाला सांगू नको म्हटलं होतं, तेवढ्यावर ती उभी होती. बहिणीचं लग्न मोडायला आलं तरी.

"पोरीचं काही चुकलं नाही," मी म्हणालो. "उद्या दुपारपर्यंत थांबा. आमची सावड आहे वहिनींच्या शेतात. तुम्ही पण चला."

दुसऱ्या दिवशी मी कापलं ते कुणाशी न बोलता. व्याही शेजारच्या रांगेत होते. त्यांचा हात माझ्या दुप्पट चालत होता. जेवणं बसली. पारूवहिनी टोप घेऊन माझ्यासमोर आल्या, "खा भावजी, हितं कुनी मोजत न्हाई," आणि भाताचं उलथनं उचललं.

मी ताटावर हात आडवा धरला. गरम भात थोडा हातावर पडला.

"वहिनी, बसा. सगळ्यांनी ऐका. मला घरी कुणी उपाशी ठेवत नाही. भात मीच कमी केलाय. डॉक्टरांनी सांगितलंय, गुडघ्यांसाठी. आणि गवताला मला कुणी धाडत नाही. मी फिरायला जातो."

"फिराया?" दगडू म्हणाला. "म्हंजे?"

"म्हणजे नुसतं चालायला. वजन उतरवायला. तुम्ही हसाल म्हणून विळा घेऊन जात होतो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. टोपातला भात वाफाळत होता. वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या, मग एकदम वैशालीकडं वळल्या.

"आगं येडे, मग तू का बोलली न्हाईस? मी तुला नळावर काय काय बोलले!"

"मामांनी सांगू नको म्हनलं व्हतं," वैशाली म्हणाली.

एवढंच. वहिनींनी उलथनं टोपात टाकलं आणि माझ्यावर आल्या. "भावजी, लाज हाय का? येवढं मोठं धूड घिऊन घाटानं गाडी हाकलीत, आन दोन शबूद बोलाया भेलाव? पोरगी गिळून बसली आन तुमी माज्या हातचं भाकरीवर भाकरी खाताय!"

"चुकलं, वहिनी."

"माजं बी चुकलं. पर तुमचं जादा." मग पदरानं हात पुसून त्यांनी कमरेचा मोबाईल काढला. भाटघरच्या त्या माणसांत त्यांच्या भाचीची सासू होती. वाडीची बातमी कोणत्या वाटेनं तिकडं गेली हे सगळ्यांना तेव्हा कळलं. बांधावर उभं राहून, रेंजसाठी एक हात वर करून, त्या ओरडत होत्या, "हॅलो! मी पारू! म्या जे सांगितलं ते समदं खोटं हाय! व्हय, समदं! म्हातारा नाटकी हाय, पोरगी सोनं हाय! निरोप धाडा पालीला!"

व्याह्यांनी तेवढ्यात भाकरीचा तुकडा मोडला. दिवाळीनंतर त्या मुलीचं लग्न झालं. वहिनी हळदीला सगळ्यांच्या आधी हजर होत्या.

इथं थांबलो असतो तर लोक म्हणाले असते, तात्यांनी बरं केलं. आणि लोक तेच म्हणतात. त्या दिवसापासून गावात माझं कौतुकच झालं. म्हाताऱ्यानं मनावर घेतलं, जिद्द बघा, असं. कुणाकुणाच्या घरी मला बोलावून विचारतात, तात्या, कसं उतरवलं? आणि मी सांगतो. चालणं, भात, उठबस. माझी जिद्द. आता तर दगडूही माझ्याबरोबर फिरायला येतो, रिकाम्या हातानं, आणि कुणी विचारलं तर मोठ्यानं सांगतो, "फिराया!"

पण डॉक्टरांकडं मी जिद्दीनं गेलो नव्हतो. बांधावर बोललो तेव्हाही अर्धंच बोललो. उरलेलं आज लिहितो.

डॉक्टरांकडं गेलो त्याच्या आदल्याच दिवशी, आश्विनात, काढणीपूर्वी खाचरातलं पाणी सोडायला मी एकटा गेलो होतो. बांध फोडायला खाली बसलो. पाणी सुटलं, पण मला उठता येईना. हात टेकले तर हात चिखलात गेले. एका कुशीवर झालो तर पोट आडवं आलं. शेवटी चिखलात बसकण मारून मी भाताच्या लोंब्यांच्या वर फक्त डोकं काढून राहिलो. वरच्या वाटेनं माणसं बोलत गेली. मी हाक मारली नाही. ज्याला दाराशी स्वागताला उभं करायचे तो चिखलात बसलाय हे त्यांनी बघावं, त्यापेक्षा रात्र झाली तरी चालेल असं वाटलं. ऊन कलायला लागलं तेव्हा वैशाली शोधत आली. तिनं हात दिला, तो उपयोगाचा नव्हता. मग तिनं मला पालथं व्हायला सांगितलं. हातापायांवर, लहान मूल रांगतं तसं. "आता बांधापर्यंत या, मामा. आता बांधाला धरा. आता एक पाय." मी बांधाला धरून उभा राहिलो आणि रडलो. तिनं ओढ्यावर नेऊन माझं धोतर धुवायला घेतलं आणि मग म्हणाली, "उद्या भोरला जाऊ. हे काय बरं न्हाई." डॉक्टरांकडं तिनं नेलं. चालायचं तिनं लावलं. पाटावरून उठायचं तिनं शिकवलं. माझं काम फक्त ऐकण्याचं होतं, आणि तेही मी कुरकुरत केलं. गावानं जिला उपाशी ठेवणारी म्हटलं, तिनं मला उठवून उभं केलं होतं. हे मी बांधावर सांगितलं नाही, कारण सांगायचं तर चिखलाचं सांगावं लागलं असतं.

एवढं लिहून झाल्यावर काल सकाळी मी तिला बोलावलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. म्हटलं, वाचून दाखवतो. ती सूप मांडीवर घेऊन बसली. चिखलापाशी आलो तेव्हा तिनं मान वर केली.

"ते बी लिवलंया?"

"लिहिलं."

"समदं? रांगल्याचं बी?"

"रांगल्याचं पण."

"मग आता मी सांगू शकती कुनाला?"

"सांग की. आता तुझंच आहे ते."

तिनं सूप खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि हसायला लागली. अशी हसायला लागली की खांबाला धरून बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं. एवढी वर्षं हे हसू तिनं कुठं ठेवलं होतं कुणास ठाऊक. मी तिला हसताना बघत राहिलो, आणि कधी तरी मीही हसायला लागलो.

मग तिनं मोबाईल घेतला, अंगणात गेली आणि भाटघरला बहिणीला फोन लावला. "आगं ऐक की, मामांचं एक सांगायचंय, लई जुनं हाय, हसून मरशील..." तिनं पहिल्यापासून सांगायला घेतलं. ऊन कुठवर आलं होतं, लोंब्यांमधनं माझं टक्कल कसं दिसत होतं, मी पालथं व्हायला कसा तयार नव्हतो, आणि वर एक बगळा येऊन बसला होता तो. बगळ्याचं मला ठाऊकच नव्हतं. पलीकडून बहिणीचं हसणं फोनच्या बाहेर येत होतं. मी ओटीवर बसून ऐकत होतो. माझ्यापेक्षा ती फार चांगलं सांगत होती.